जुन्या पंप बंदुकीची पारख : वापर, वय आणि अस्सलपणा



आजचा विषय काहींना जरा अनपेक्षित वाटेल. अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तयार झालेली पंप-अॅक्शन शॉटगन आज कुणी शिकारीसाठी विकत घ्यायला निघाला, तर तिची पारख कशी करतात, आणि त्या पारखीच्या प्रत्येक पायरीमागे कोणता इतिहास उभा असतो, हे आपल्याला पाहायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसांनी बंदुकीत का डोकावावं, असा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर असं, की ‘मूल्य’ हा शब्द आम्ही आयुष्यभर वर्गात वापरला. पण मूल्य ठरवण्याची चूक जिथे हाताची बोटं किंवा डोळे घेऊन जाऊ शकते, अशा वस्तू फार थोड्या. जुनी बंदूक ही त्यातली एक.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा छंद म्हणून उरलेला नाही. बंदूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती कोकणातली ठासणीची बंदूक, नाहीतर शेतराखणीच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे बदक, तितर, रानटर्की यांची शिकार परवान्याने, हंगामात आणि ठरलेल्या संख्येत चालते. आजोबांची बंदूक नातवाकडे जाते, किंवा दुकानात जुनी म्हणून विकायला येते. हे सगळं बरं की वाईट, याचा निवाडा आज आपण करणार नाही. तिथली माणसं तिथल्या कायद्यात राहून ही वस्तू घेतात, ती कशी पारखावी, एवढंच पाहू. निवाड्याला लागणारी सामग्री वाटेत आपोआप हाती येईल.

पंप म्हणजे काय

आधी वस्तू समजून घेऊ. शॉटगन म्हणजे छऱ्यांची बंदूक. एका काडतुसात शेकडो बारीक छर्रे, आणि नळी आतून गुळगुळीत. ‘बारा बोअर’ हा शब्द आपण ऐकलेला असतो, पण त्याचा हिशोब गमतीचा आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास तो बारा बोअरच्या नळीचा व्यास, साधारण साडेअठरा मिलिमीटर. सोळा गोळ्या केल्या तर गोळी लहान, म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते.

पंप बंदुकीत मुख्य नळीच्या खाली दुसरी नळी असते. तिच्यात काडतुसं एकामागे एक भरून ठेवतात. पुढच्या हातात लाकडाची सरकती मूठ असते. ती मागे ओढली की उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते; पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत जाऊन बसतं आणि मागचं दार कुलूपबंद होतं. हातपंप मारल्यासारखी हालचाल, म्हणून पंप. यात स्प्रिंगा आहेत, पण इंजिन माणसाचा हात आहे. काडतूस कमजोर निघालं, ओलं निघालं, तरी हात ते बाहेर काढतोच. ही बंदूक लोकप्रिय झाली त्याचं एक कारण हे.

स्पेन्सर, ब्राउनिंग आणि एक खटला

ही कल्पना बाजारात यशस्वी केली ती ख्रिस्तोफर स्पेन्सर यांनी. अमेरिकन यादवी युद्धातली प्रसिद्ध स्पेन्सर रायफल यांचीच. सिल्व्हेस्टर रोपर यांच्याबरोबर त्यांनी १८८२ मध्ये पंप शॉटगनचं पेटंट घेतलं. बंदूक चालली, धंदा मात्र चालला नाही. १८९० मध्ये तो फ्रान्सिस बॅनरमन या व्यापाऱ्याकडे गेला.

इकडे युटामधल्या ऑग्डेन गावचे जॉन मोझेस ब्राउनिंग विंचेस्टर कंपनीसाठी एकामागून एक आराखडे करत होते. त्यांच्या आराखड्यावर विंचेस्टरने १८९३ मध्ये आपली पहिली पंप शॉटगन आणली. बॅनरमन कोर्टात गेले : कल्पना आमची. विंचेस्टरच्या बाजूने इंग्लंड आणि फ्रान्समधली त्याआधीची पेटंटं शोधून काढण्यात आली, आणि खटला बॅनरमन हरले. ‘पहिला कोण’ हा प्रश्न इतिहासात सहसा असाच सुटतो. पहिल्याच्या आधी आणखी कुणीतरी कागदावर असतो, आणि लोकांच्या लक्षात मात्र ज्याची वस्तू हातात आली तोच राहतो.

१८९३ च्या बंदुकीची अडचण वेगळीच होती. ती काळ्या दारूच्या काळात आखलेली होती, आणि नेमक्या त्याच वर्षांत बिनधुराची दारू पसरत होती. नव्या दारूचा दाब ती बंदूक नीट पेलत नव्हती. म्हणून सुधारलेली, अधिक मजबूत मॉडेल १८९७ आली. हीच ती ‘९७’. मागे घोडा उघडा दिसतो, त्यामुळे लांबूनही ओळखू येते. १८९८ पासून तिचा नळीचा भाग सुटा करता येणारा प्रकार निघाला. १९५७ पर्यंत, म्हणजे साठ वर्षं, ती बनत राहिली आणि दहा लाखांहून जास्त तयार झाल्या. क्रमांक मात्र १८९३ च्या क्रमांकांना जोडूनच पुढे चालवले होते. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९१२ मध्ये विंचेस्टरनेच थॉमस क्रॉसली जॉन्सन यांच्या आराखड्याची मॉडेल १२ आणली. हिचा घोडा आत लपलेला, अंग सडपातळ, आणि भाग घडीव पोलादातून कोरून काढलेले. १९६४ पर्यंत जवळजवळ वीस लाख बनल्या. १९३७ मध्ये इथाका कंपनीची मॉडेल ३७ आली. हिची पुंगळी खालच्या बाजूने पडते, म्हणून डावखुऱ्यांना ती सोयीची. १९५० मध्ये रेमिंग्टनची ८७० आली. तिच्यात कोरीव कामाऐवजी ठोकून-दाबून बनवलेले भाग बरेच होते. ती स्वस्त पडली, टिकाऊ निघाली, आणि २००९ पर्यंत एक कोटीचा आकडा गाठून बसली. मॉडेल १२ ला १९६४ मध्ये जावं लागलं ते याच कारणाने : कुशल कारागिराचा तास महाग झाला होता. आज लोक मॉडेल १२ ला हळवे होऊन जास्त पैसे देतात, ते त्या हरवलेल्या तासांचे.

आभाळ आणि कायदा

आता इतिहासाची दुसरी बाजू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बाजारासाठी शिकार चालत असे. रेल्वे आणि बर्फाच्या पेट्या आल्यामुळे मारलेली बदकं शेकडो मैलांवरच्या हॉटेलांत पोहोचत. पॅसेंजर पिजन नावाचं कबुतर, जे एकेकाळी आभाळ झाकून टाकी, ते संपलं. शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

कुणी म्हणेल, हे सगळं पंप बंदुकीने केलं. तसं म्हणता येत नाही; तारखाच जुळत नाहीत. त्या कबुतरांच्या मोठ्या वसाहती १८७० च्या आणि १८८० च्या दशकांतच मोडल्या होत्या, आणि ब्राउनिंगची पंप बंदूक आली १८९३ मध्ये. जाळी, काठ्या, तारायंत्राने मिळणाऱ्या बातम्या आणि रेल्वे, यांनी ते काम आधीच केलं होतं. पण म्हणून पंप निर्दोषही ठरत नाही. एका दमात सहा बार काढणारी स्वस्त बंदूक लाखोंच्या हाती गेली, तेव्हा उरलेल्या पक्ष्यांवरचा ताण वाढला. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नाडे यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात पंप आणि स्वयंचलित बंदुकांवर कडक टीका केली ती यामुळेच.

मग कायदे आले. १९०० मध्ये लेसी कायदा : बेकायदा मारलेलं जनावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा. १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी स्थलांतरित पक्ष्यांचा करार, आणि १९१८ मध्ये त्यावर आधारलेला कायदा. मिसूरी राज्याने त्याला आव्हान दिलं, आणि १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालाने तो कायदा टिकवला. १९३५ मध्ये नियम झाला की स्थलांतरित पक्ष्यांवर बंदूक धरायची तर तिच्यात एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत. म्हणजे खालच्या नळीत दोन, वरच्या नळीत एक. ९७ मध्ये खाली पाच मावतात. मग काय करायचं? खालच्या नळीत एक लाकडी दांडी घालायची, की जागाच उरू नये. एवढीशी दांडी, पण अवघ्या देशाने यंत्राला ‘पुरे’ म्हटल्याची ती खूण आहे.

१९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसं यांवरचा ११ टक्के कर थेट वन्यजीव आणि त्यांच्या अधिवासासाठी राज्यांना द्यायचा, अशी ती व्यवस्था. ज्या कारखान्याने आभाळ रिकामं करायला हातभार लावला, त्याच्याच मालावर कर बसवून आभाळ पुन्हा भरायचा प्रयत्न. पुष्कळ प्रजाती त्यातून सावरल्या. नीतिशास्त्रात आम्ही प्रायश्चित्त हा शब्द व्यक्तीसाठी वापरतो. इथे तो एका धंद्याला लागू पडताना दिसतो, आणि तेही हिशोबाच्या वहीत.

पहिला प्रश्न : ही बंदूक सुरक्षित आहे का

आता दुकानात जाऊ. समोर टेबलावर एक ९७ किंवा मॉडेल १२ ठेवली आहे. पहिली गोष्ट, किंमत विचारायच्या आधी, ती रिकामी आहे की नाही हे स्वतः पाहायचं. मूठ मागे ओढून वरचं घर पाहायचं, खालची नळी पाहायची, बोटाने चाचपायचं. विकणारा म्हणाला ‘रिकामीच आहे हो’, तरी पाहायचं. यात अविश्वास नाही, रीत आहे.

मग या बंदुकांचा स्वभाव समजून घ्यायचा. ९७, मॉडेल १२ आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या इथाका ३७ यांत एक वेगळेपण आहे. चाप दाबून धरला आणि मूठ पुढे ढकलली, तर दार बंद होताक्षणी बार उडतो. चाप सोडून पुन्हा दाबावा लागत नाही. आजच्या बंदुकीत मधे एक तोडणारा भाग असतो, तो इथे नाही. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, त्यांचं बोट सवयीने चापाबाहेर राही. ८७० वर शिकलेल्या तरुणाच्या हाती ९७ आली, तर त्याची सवय त्याला दगा देऊ शकते. शिवाय ९७ ला आजच्यासारखा आडवा खटका नाही. घोडा अर्धवट चढवून ठेवणं हीच तिची सुरक्षा. तो अर्धा खाचा झिजलेला असेल तर सुरक्षा कागदावरच. म्हणून जाणत्या बंदूक-कारागिराकडून तो खाचा तपासून घेतल्याशिवाय काडतूस घालायचं नाही.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या घराची, म्हणजे चेंबरची. इथे इतिहास थेट अंगावर येतो. आज सोळा बोअरचं नेहमीचं काडतूस २¾ इंच, म्हणजे ७० मिलिमीटर लांबीचं. पण सोळा बोअरच्या जुन्या ९७ चं घर २ ९/१६ इंच, सुमारे ६५ मिलिमीटर. वीस बोअरच्या सुरुवातीच्या मॉडेल १२ चं २½ इंच. आता गंमत बघा, गंमत कसली, धोका बघा : काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतर, त्याचं दुमडलेलं तोंड उघडल्यावर. न उडालेलं काडतूस आखूड असतं. त्यामुळे आजचं लांब काडतूस जुन्या आखूड घरात आरामात बसतं. कुठे अडत नाही, दार नीट लागतं. बार उडाला की तोंड उघडायला जागा नसते, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे जुळलं, असा आपला साधा तर्क असतो. इथे तो तर्कच चुकीचा. घर मापकाने मोजायचं, नळीवरचा आकडा वाचून सोडून द्यायचं नाही, कारण मधल्या काळात कुणी घर वाढवूनही घेतलेलं असतं, आणि ते काम चांगलं झालं की वाईट हेही पाहावं लागतं.

तिसरी गोष्ट नळी. उजेडाकडे धरून दोन्ही टोकांनी आतून पाहायची. बारीक गंजाचे खड्डे असतील तर किंमत कमी, पण बंदूक बहुधा चालते. खड्डे खोल असतील तर कारागिराला दाखवायची. आत अंगठीसारखं काळं वर्तुळ दिसलं, तर नळी तिथे फुगलेली आहे. कधीतरी काहीतरी आत अडकलेलं असताना बार उडाला असणार. बाहेरून बोट फिरवलं तरी तो फुगवटा लागतो. अशी नळी शिकारीला नाही. इथे एक जुना अपघात सांगून ठेवतो. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेलं, तर ते नळीत पुढे जाऊन अडकतं. मागून बारा बोअरचं घातलं आणि चाप दाबला, की नळी फाटते. आज वीस बोअरची काडतुसं पिवळी असतात, ती यासाठीच.

चौथी गोष्ट छऱ्यांची. शिशाचे छर्रे पाणथळ जागी पडतात, बदकं खडे समजून ते गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. इलिनॉयचे जीवशास्त्रज्ञ फ्रँक बेलरोझ यांनी १९५९ मध्ये हे मोजलं आणि दरवर्षी पाणपक्ष्यांपैकी २ ते ३ टक्के असे मरत असावेत असा अंदाज मांडला. अशी बदकं खाणारे गरुडही मरत. १९८७ पासून टप्प्याटप्प्याने आणि १९९१ पासून देशभर, पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छऱ्यांवर बंदी आली. मग आले पोलादी छर्रे. पोलाद शिशाहून हलकं आणि कितीतरी कठीण. जुन्या नळीचं पोलाद त्याच्यासाठी बनवलेलं नाही, आणि नळीचं तोंड जिथे मुद्दाम आवळलेलं असतं, ज्याला चोक म्हणतात, तिथे पोलादी छर्रे दाटून नळीला कडं पाडू शकतात. म्हणजे ज्या बंदुकीवर ‘फुल’ चोक असं कोरलेलं आहे, तीच बदकांसाठी आखलेली, आणि आज बदकांवर नेहमीच्या पोलादी काडतुसांनी वापरायला तीच सर्वांत गैरसोयीची. उपाय आहे : बिस्मथसारखे मऊ, बिनविषारी छर्रे. महाग पडतात. घेणाऱ्याने हा खर्च बंदुकीच्या किमतीत आधीच धरायचा.

दुसरा प्रश्न : ती कामाची आहे का

सुरक्षित आहे, एवढ्याने ती हाताला बसते असं नाही. चोक म्हणजे छर्रे किती एकत्र राहतील याचं माप. फुल चोकचा जुना निकष असा, की ४० यार्डांवर, ३० इंचांच्या वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे पडावेत. झाडीत, वीस यार्डांवर उठणाऱ्या पक्ष्याला हा मारा फार घट्ट. एक तर पक्षी सुटतो, नाहीतर खाण्यासारखा उरत नाही. शंभर वर्षांपूर्वी लोकांना लांबचा मारा हवा होता, म्हणून जुन्या बंदुका बहुतेक लांब नळीच्या आणि घट्ट चोकच्या. मधल्या पिढीने त्यातल्या पुष्कळ नळ्या कापल्या. चोक असतो नळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत. नळी कापली की चोक गेला, पण मागे कोरलेलं ‘फुल’ तसंच राहिलं. म्हणून अक्षरावर न जाता तोंड मोजायचं. टोकावर कट्स कॉम्पेन्सेटर किंवा पॉली-चोकसारखं ठोकळ्यासारखं यंत्र बसवलेलं असेल, तर तिचा शिकारीतला उपयोग उलट वाढलेला असू शकतो; संग्राहक मात्र तिच्याकडे पाहणार नाही.

दस्ता खांद्याला लावून पाहायचा. मागे कुणा मुलासाठी तो कापलेला असतो. लाकूड लोखंडाला भिडतं तिथे चिरा पाहायच्या. वर्षानुवर्षांच्या तेलाने लाकूड तिथे काळं आणि पोचट होतं. सुट्या होणाऱ्या नळीचा सांधा हलवून पाहायचा. मॉडेल १२ मध्ये तो सैल झाला तर पुन्हा घट्ट करायची दातेरी कडी मुळातच दिलेली आहे. १९१२ चा अभियंता शंभर वर्षांनंतरच्या झिजेचा विचार करून ठेवतो, याचं आम्हाला खरोखर कौतुक वाटतं.

तिसरा प्रश्न : ही तीच आहे का

इथे आमच्या विषयाचा प्रांत सुरू होतो. मिलिंद राजाला भिक्खू नागसेन विचारतात : राजा, रथ म्हणजे चाक का? आस का? दांडी का? यातलं एकही रथ नाही, आणि यांच्याशिवायही रथ नाही. जुन्या बंदुकीसमोर हा प्रश्न अगदी व्यवहाराचा होतो. नळी दुसरीची, दस्ता नवा, घोडा बदललेला. मग ती १९१५ ची बंदूक उरली का?

अमेरिकन कायद्याने याचं उत्तर देऊन टाकलं आहे : रिसीव्हर, म्हणजे मधलं लोखंडी घर, हीच कायद्याने बंदूक. बाकी सारं सुटे भाग. त्याच कायद्याने वयाचीही रेघ ओढली आहे. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’, त्यानंतरची नाही. म्हणजे ९७ च्याच दोन बंदुका, दिसायला सारख्या, एक रेघेच्या अलीकडची आणि एक पलीकडची. कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या जातीच्या वस्तू. म्हणून क्रमांकावरून वर्ष ठरवणं महत्त्वाचं, आणि तिथे १८९३ पासून जोडून आलेले क्रमांक ठाऊक नसतील तर हिशोब चुकतो. विंचेस्टरच्या जुन्या नोंदी आज वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बंदूक संग्रहालयात आहेत, पण त्या काही मॉडेलांच्या ठरावीक क्रमांकांपुरत्याच.

सुट्या नळीच्या ९७ आणि मॉडेल १२ वर क्रमांक दोन ठिकाणी असतो : रिसीव्हरच्या खाली पुढच्या बाजूला, आणि त्याला भिडणाऱ्या नळीच्या जोडभागावर. दोन्ही एकच असतील तर जोडी मूळची. वेगळे असतील तर लग्न नंतर लागलेलं. रेमिंग्टनच्या नळ्यांवर अक्षरांची खूण असते, आणि महिन्यांसाठी त्यांनी वापरलेली बारा अक्षरं इंग्रजीत ओळीने लावली तर ‘ब्लॅकपावडर-एक्स’ असा शब्द होतो. कारखान्यातल्या माणसांनाही विनोद सुचतो, तो असा.

मग खोटेपणा. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ९७ चं खंदकात वापरायचं रूप केलं : आखूड नळी, वर जाळीदार पत्रा, संगीन लावायची सोय. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने हेग कराराचा आधार घेऊन तिचा निषेध केला. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी तो फेटाळला. या गोष्टीमुळे ‘ट्रेंच गन’ आज फार महाग. आणि जे महाग, त्याची नक्कल होतेच. शिकारीच्या साध्या ९७ ला नळी कापून, पत्रा बसवून, शिक्के मारून विकतात. शिकारीसाठी बंदूक हवी असणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. ज्या गोष्टीचे तो पैसे मोजेल, ती गोष्ट रानात त्याच्या काही उपयोगाची नाही.

किंमत नेमकी कशाची

व्हिएन्नाचे कलाइतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ मध्ये स्मारकांवर एक निबंध लिहिला. जुन्या वस्तूत आपण एकच मूल्य पाहतो असं वाटतं, पण तिथे अनेक मूल्यं असतात आणि ती एकमेकांशी भांडतात, हा त्यांचा मुद्दा. वयाचं मूल्य म्हणतं : झीज राहू द्या. इतिहासाचं मूल्य म्हणतं : मूळ रूप जपा. उपयोगाचं मूल्य म्हणतं : काम झालं पाहिजे. आणि नवेपणाचं मूल्य म्हणतं : चकचकीत करा.

बंदुकीच्या टेबलावर हे भांडण रोज चालतं. मालकाने हौसेने बंदूक घासून, नवी निळी झाक देऊन आणली. कडा गोल झाल्या, अक्षरं पुसट झाली, स्क्रूच्या खाचा फाटल्या. त्याला वाटतं किंमत वाढली. संग्राहकाच्या लेखी ती पडलेली असते. हाताळून राखाडी झालेलं मूळ लोखंड त्याला जास्त मोलाचं. पण हीच घासलेली बंदूक, नळी चांगली, घर बरोबर, खटका शाबूत असेल, तर शिकाऱ्यासाठी उत्तम सौदा : इतिहासाचे पैसे न देता उपयोग मिळतो. उलट, कारखान्यातून आली तशी जपलेली मॉडेल १२ पावसात, चिखलात नेणं म्हणजे एका मूल्यासाठी दुसरं जाळणं. म्हणून घ्यायच्या आधी आपण कोणतं मूल्य विकत घेतो आहोत, हे स्वतःला विचारायचं. विकणारा बहुधा चारही मूल्यांची बेरीज मागतो. मिळतात एक किंवा दोन.

आणि क्रम बदलायचा नाही. आधी सुरक्षितता, मग उपयोग, मग अस्सलपणा, शेवटी भाव. लोक उलटीकडून सुरू करतात : भाव स्वस्त वाटतो, अस्सल असल्याची गोष्ट ऐकून मन भरतं, आणि घर मोजायचं राहून जातं. बाजारात हा तोट्याचा व्यवहार. बंदुकीच्या बाबतीत तोटा पैशापुरता राहत नाही, आणि तो फक्त घेणाऱ्याचाही नसतो. शेजारी उभा असलेला माणूसही त्यात येतो.

जाता जाता, त्या लाकडी दांडीकडे पुन्हा एकदा पाहा. जुनी पंप बंदूक घेताना खालच्या नळीत ती आहे का, हे पाहायचं असतं. नसेल तर करून घालायची. चार आण्याचं लाकूड. बाकी सगळी पारख त्या यंत्राने किती करता येईल याची असते. ही एकच गोष्ट किती करायचं नाही ते सांगते. शंभर वर्षांच्या इतिहासातून तिथल्या शिकाऱ्याच्या हाती आलेलं सर्वांत मोलाचं सुटं अंग आम्ही यालाच म्हणू.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.